मांगून कोन वढून राह्यलं?

मंगला आडेचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू? तिला आमचं कॉलेज सोडून दोन वर्षं झाली, माझ्या नावाआधी 'डॉ.' लागून तीन. आणि तरी परवा शिक्षकांच्या एका कार्यक्रमात एक बाई मला म्हणाल्या, "अच्छा, म्हंजे तुमी आडे मॅडमच्या कॉलेजच्या!" हातातला चहा कडू झाला माझा. त्या कॉलेजात मी पंधरा वर्षं झिजतेय. ती होती उणीपुरी पाच वर्षं, तीही तासिकेवर. पण कॉलेज कुणाचं? तर आडे मॅडमचं!

घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "काय झालं बाप्पा?" म्हटलं, काही नाही. मग बसले लिहायला. मनातली जळजळ तोंडानं काढता येत नाही, निदान कागदावर तरी काढावी.

आमचं कॉलेज दारव्ह्याच्या बाजूला. मागे तुरीचं शेत, पुढे कापसाचं जिनिंग, मधे आमची दोन मजली इमारत. सूक्ष्मजीवशास्त्र विभागात कायम नोकरीची मी एकटी. माहेर कळंबकडचं, घरी कापूस आणि सोयाबीन, पाच भावंडांत पुढे शिकलेली मीच. "आमची वंदी लय हुशार" हे ऐकत वाढले. ही सवय फार वाईट. एका जागी हुशार माणूस एकच असतो, असं मी धरून चालले होते आणि पस्तीस वर्षं मला कुणी खोटं पाडलं नव्हतं.

मंगला आली ती जूनमध्ये, स्कुटीवर. महागावकडच्या बंजारा तांड्यातली. उंच, हाडापेरानं मोठी, पंजे पुरुषासारखे रुंद, आणि हसली की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. पर्समध्ये कंगवा नसेल एखाद्या दिवशी, पण एक प्लास्टिकची डबी हमखास असायची. तिच्यात खडं मीठ. पेरू असो, काकडी असो, काहीच नसो, ही बोट ओलं करायची, मिठाला लावायची आणि चाखायची. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये मी नाक मुरडलं तर म्हणाली, "आमच्या आज्याच्या आज्याचे बैल मीठ वाह्यचे मॅडम. तांडेच्या तांडे जायचे. माह्या रक्तातच खार हाये." आणि डबी माझ्यापुढे केली. मी घेतलं नाही. मला रक्तदाब नव्हता, पण मी सांगितलं की आहे.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण सगळं भांडण तिथलंच आहे. एका जातीचे जीवाणू असतात, ते खाऱ्या पाण्यातच जगतात. साधं खारं नाही, मिठागरातल्या पाण्याइतकं खारं. त्यांच्या अंगावरच्या पापुद्र्यात, ज्याला आम्ही पटल म्हणतो, एक जांभळं प्रथिन असतं. हे प्रथिन म्हणजे पंपच. उजेड पडला की आतला एक प्रोटॉन उचलून बाहेर टाकतं. पुन्हा उजेड, पुन्हा एक. ना तेल, ना लाइन, नुसत्या उजेडावर चालणारी मोटर! बाहेरचं पाणी त्यामुळे हळूहळू आंबट होतं, आणि ते किती भराभर आंबट होतं हे पीएच मीटरवर पाहिलं की पंपाचा वेग कळतो. हा वेग कशानं बदलतो, हे माझ्या पीएच.डी.चं काम. माझे मार्गदर्शक अमरावतीला. मुदतवाढ दोनदा घेऊन झालेली, तिसरी शेवटची. मंगला आली तेव्हा माझ्या हातात तीन वर्षं होती. आणि तिनं येऊन सहा महिन्यांत तोच विषय धरला. मीठ म्हटल्यावर ती सोडते होय!

ठिणगी पडली ती त्याच्याही आधी, पहिल्या पावसाळ्यात. मी माझ्या जीवाणूंसाठी खारं पाणी तयार करत होते. चार लिटरला किलोभर मीठ, अर्ध्या किलोच्या दोन पुड्या. मधेच प्राचार्यांचा फोन आला. परत आले तर मंगला माझ्या भांड्याजवळ उभी, बोट तोंडात.

"वंदना मॅडम, हे त अळणी हाये."

मी अशी तापले! प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही हे अकरावीच्या पोट्ट्यालाही माहीत असतं. म्हटलं, "आडे मॅडम, हे वरण नाही." ती म्हणाली, "वरण असतं त चाललं असतं." मी मुद्दाम तिच्यासमोर माझे जीवाणू त्या पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी सगळे फुटून पाणी गढूळ. पुण्याहून मागवलेले, कौतुकानं वाढवलेले. दुसरी पुडी टेबलाखाली न फोडलेली सापडली. मंगलानं भांडं घासून ठेवलं, आणि तेच मला जास्त झोंबलं. तिनं टोमणा मारला असता तर मी परतवला असता.

शिवाय नवे जीवाणू मिळवून दिले तेही तिनंच. बोरी अरबच्या बाजारातून गुरांना घालतात ते मळकट खडं मीठ आणलं, पाण्यात विरघळवलं आणि बाटल्या खिडकीत ठेवून दिल्या. म्हणाली, "हे मिठातच झोपून राह्यते. ऊन लागलं का उठते." ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या लॅबला वेगळं उबदार कपाट लागतच नाही, खिडकी पुरते. दोन महिन्यांनी बाटल्या गुलाबी झाल्या. त्यातून निवडत निवडत ती जांभळ्यापर्यंत पोचली. तिची आई एकदा डबा घेऊन आली होती, हातभर बांगड्यांची ठेंगणी बाई. मंगला तिला याडी म्हणायची. त्यांच्यात आईला तसंच म्हणतात. याडीनं बाटली उन्हात धरून पाहिली, लेकीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या लोकायनं इतकं मीठ वाह्यलं बाई, पन त्यात रंग हाये हे कोनाले दिसलं नाई. माह्या पोरीले दिसलं." मी हसले. हसावंच लागतं. माझ्या आईला मी काय करते हे आजतागायत सांगता आलेलं नाही, ती लोकांना सांगते, वंदी औषधं करते.

मंगलाचं एक वाक्य होतं. कुठंही लागू करायची. "वेग मंग पाय. पयले मांगून कोन वढून राह्यलं थे पाय." एसटी चढावर रांगली तरी हेच, कारकून फाईल दाबून बसला तरी हेच. आमची एक विद्यार्थिनी स्वाती, बारावीला पहिली आलेली, बी.एस्सी.त येऊन घसरली. मी तिला वर्गात म्हटलं, आळशी झालीस. मंगला शनिवारी स्कुटीवर तिच्या गावी गेली. आई आजारी, सकाळचा अख्खा स्वयंपाक आणि दोन लहान भाऊ पोरीच्या गळ्यात. मंगलानं तिचं प्रात्यक्षिक दुपारी घ्यायला सुरुवात केली, इतकंच. पोरगी वर आली. निकालाच्या दिवशी पेढा घेऊन आली आणि पाया कुणाच्या पडली? मी बाजूच्याच खुर्चीत होते. मलाही पेढा दिला, नाही असं नाही.

हे वाक्य तिनं वर्गात कसं शिकवलं ते पाहण्यासारखं होतं. मी फळ्यावर पटल काढायचे, दोन रेघा आणि बाण. हिनं पोरांना मैदानात नेलं. दोरी आखली. दहा जण दोरीवर उभे केले, हे पंप. बाकीचे आत. "आतल्यायनं चपला काढा," म्हणाली. पंपांनी एकेक चप्पल उचलून दोरीबाहेर फेकायची. आणि ज्याची चप्पल बाहेर गेली, त्यानं आतूनच फेकणाऱ्याचा शर्ट धरून मागे ओढायचं. सुरुवातीला चपला अशा उडाल्या की विचारू नका. मग ओढणारे वाढले. एकेका पंपाला मागून तीन तीन लोंबकळताहेत, त्याचा हात वर उठेना. हसून हसून पोट्टे लोळले. तेव्हा मंगला मधे जाऊन म्हणाली, "उजेड तोच. मोटर तेच. मंग हळू काहून झालं? प्रोटॉनचा भार अधिक, म्हंजे धन. थो बाहेर गेला, उणा भार आत राह्यला, आता थो वढते. दोन्ही बाजूत विजेचा फरक पडला. जितका फरक जास्त, तितका पंप हळू." मी वरच्या गॅलरीतून पाहत होते. माझ्या पोटात पहिल्यांदा जे दुखलं ते त्या दिवशी. कारण तिनं पोरांना जे सांगितलं ते माझ्या प्रबंधाचं उत्तर होतं, आणि मला ते सुचलेलं नव्हतं.

मला काय सुचलं होतं? लाइन, म्हणजे वीज. हसू नका. आमच्याकडे काहीही बिघडलं की दोष लायनीचा. मोटर जळली, लाइन डिम होती. दूध नासलं, लाइन गेली होती. माझ्या पंपाचा वेग सुरुवातीला चांगला यायचा आणि अर्ध्या मिनिटात मंदावायचा, रोज, न चुकता. मी छातीठोकपणे धरलं होतं की दुपारी शेतातल्या मोटरी सुरू होतात, लाइन डिम होते, माझा दिवा मिणमिणतो, म्हणून पंप मंदावतो. स्टॅबिलायझर बसवला. वहीत रोजची लाइन मांडली. दीड वर्ष मी लायनीचा अभ्यास केला, जीवाणूंचा नाही. आणि मंगलानं चपलांचा खेळ केल्यावर तरी ऐकावं? छे! ती म्हणाली म्हणून तर मुळीच नाही. म्हटलं, "खेळ वेगळा, प्रयोग वेगळा. तुमी शहरात बसून नाई राह्यल्या, अठी लायनीचा भरवसा नाई."

"बरं," म्हणाली.

दोन दिवसांनी आली तर स्कुटीच्या पायाशी ट्रॅक्टरची बॅटरी. भावाच्या ट्रॅक्टरची काढून आणलेली, पदर खोचून दोन जिने स्वतः वर चढवली. ट्रॅक्टरचाच हेडलाइट जोडला, उष्णता अडवायला मधे काचेच्या डब्यात पाणी ठेवलं. पीएच मीटर आमचा सेलवर चालायचा. योग असा, की त्याच वेळी आमच्याकडची लाइन साफ गेली. खिडक्या बंद, पंखे बंद, घामाच्या धारा, आणि अंधारात फक्त तो हेडलाइट. मंगलानं बटण दाबलं. मीटरचा आकडा भराभर उतरला, म्हणजे पाणी आंबट होत होतं. मग मंदावला. अगदी माझ्यासारखाच, अर्ध्या मिनिटात.

"आता लाइनच नाई," ती म्हणाली. "कोनाले दोष देसान?"

मग तिनं दिवा बंद करून जीवाणूंना अंधारात पडू दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा दिवा. पुन्हा पहिल्यासारखा वेग, पुन्हा मंद. प्रथिन बिघडलं नव्हतं, दिवा बिघडला नव्हता. दम घेतला की पुन्हा पळत होतं. मी त्या अंधारात उभी होते ते बरं, माझं तोंड दिसलं नाही. मला रडू येत होतं. माझं दीड वर्ष त्या बॅटरीखाली चिरडलं होतं.

"पन एक राह्यलं," मंगला म्हणाली. तिचा आवाज हळू झाला की समजायचं, ती खरी गुंतली. "आपल्याले वाटते का विजेचा फरक वढून राह्यला. पन बाहेर आंबट वाढलं म्हनूनबी हळू झालं असंन. कोनतं खरं? विजेचा फरक तेवढा काढून टाकला, आन् मंग पंप पळाला, तं खरं. व्हॅलिनोमायसिन पाह्यजे. थेंबभर."

व्हॅलिनोमायसिन म्हणजे एक विषारी औषध. पटलात शिरलं की पोटॅशियमला येण्या-जाण्याची वाट करून देतं. बाहेरचं पोटॅशियम आत आलं की आतली उणीव भरते, विजेचा फरक जातो, ओढणारे शर्ट सोडतात. आमच्या कॉलेजात ते कुठून असणार? मंगलाची एक मैत्रीण दक्षिणेतल्या मोठ्या प्रयोगशाळेत होती. तिनं एक छोटी शिशी पाठवते म्हणून सांगितलं. मंगला दिवस मोजायला लागली. मिठाची डबी तीन दिवसांत रिकामी.

पार्सल आलं तेव्हा ती तांड्यावर गेलेली, भावाचं लग्न. कुरिअरवाल्यानं विचारलं, "आडे मॅडम?" मी म्हटलं, "द्या इकडे." सही केली.

आतापर्यंत मी जे सांगितलं ते विनोदानं सांगितलं. इथून पुढे विनोद होत नाही माझ्याच्यानं. ती शिशी मी विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवली, पण माझ्या नावाच्या कुलपाच्या डब्यात. तिच्या बाटल्यांपासून वीतभर अंतरावर. माझ्या मुदतीला तेव्हा आठ महिने उरले होते. तिनं तो प्रयोग केला असता तर उत्तर तिचं झालं असतं, मी आयुष्यभर 'आडे मॅडमच्या कॉलेजची' राहिले असते. (तशीही राहिलेच.) कळंबच्या चिंतामणी गणपतीला मी नारळ बोलले होते. माणसं नोकरी मागतात, लेकरू मागतात. मी मागितलं होतं, तिच्या आधी मला डॉक्टर कर.

मंगला परत आली. "कुरिअर आलं का वो?"

"नाही बा."

पुढचे आठ-दहा दिवस रोज विचारायची. मग एक दिवस विचारायची थांबली. मला वाटलं, विसरली. मैत्रिणीला कळवलं असेल, हरवली म्हणून. मला हलकं वाटलं, आणि लाज वाटली, आणि पुन्हा हलकं वाटलं.

एका रविवारी सकाळी मी घरी सांगितलं, पेपर तपासायचे आहेत. चावी माझ्याजवळ होतीच. हातमोजे घातले, शिशी काढली. पहिल्यांदा नुसत्या जीवाणूंवर दिवा. आकडा पळाला, मंदावला. मग पोटॅशियम आणि त्या औषधाचा कणभर थेंब. दिवा. आणि बाप्पा, काय सांगू! आकडे धावत सुटले. अर्धं मिनिट झालं, मिनिट झालं, मंदावायचं नाव नाही. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. विजेचा फरकच ओढत होता. मंगलाचं खरं होतं, चपलांच्या खेळाइतकं खरं.

ते पान मी वहीतून फाडून घडी करून पर्समध्ये ठेवलं. प्रबंधात लिहायचं तर औषध कुठून आलं ते लिहावं लागलं असतं. मग मी काय लिहिलं असेल? मी लिहिलं, "वेग मंदावण्यामागे विद्युतपुरवठ्यातील चढउताराचा प्रभाव असण्याची शक्यता नाकारता येत नाही." खोटं आहे हे माहीत असताना लिहिलेलं ते माझ्या आयुष्यातलं पहिलं वाक्य. तोंडी परीक्षेत कुणी त्यावर बोट ठेवलं नाही. परीक्षकांपैकी एक नागपूरकडचे होते, ते उलट मान डोलावून म्हणाले, "लायनीचा त्रास आहेच आपल्याकडे." मी डॉक्टर झाले. कळंबला नारळ फोडला, तो आतून नासका निघाला. मी दुसरा फोडला.

मंगलानं माझ्या सत्काराला हार आणला, सगळ्यात मोठा. टाळ्याही सगळ्यात मोठ्या तिच्याच. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, कुठं तरी एक आठी दिसेल म्हणून. आठी असती तर मला बरं वाटलं असतं. माझा हेवा करणारं एक माणूस मला हवं होतं, नेमकं तेच मिळालं नाही.

वर्षभरानं बॅटरीवरच्या प्रयोगाचा तिचा छापून आलेला लेख वाचून मैत्रिणीच्या त्याच प्रयोगशाळेनं तिला बोलावलं. तिथं संशोधन करून तीही डॉक्टर होणार. तासिकेवरची बाई, महागावच्या तांड्यातली. पोट्टे ढोल घेऊन आले होते कॉलेजात. मी अंगणात पेढे वाटले, कारण कुणीतरी माझ्या हातात पुडा दिला.

जायच्या दिवशी यवतमाळच्या बस स्टँडवर मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. नागपूरची गाडी लागलेली. याडी, भाऊ, गाठोडी, पिशव्या, एका पिशवीत गुलाबी बाटली टॉवेलमध्ये गुंडाळलेली. मंगला खिडकीत बसली, बाजूला याडी, मी खाली उभी. तिनं डबी काढली, बोट ओलं करून मीठ चाखलं, डबी माझ्यापुढे केली. या वेळी मी घेतलं.

"वंदना," ती म्हणाली. मॅडम नाही, वंदना. "आता त सांग. शिशी कामी आली का नाई?"

माझ्या तोंडातलं मीठ तसंच राहिलं.

"कुरिअरवाल्याच्या कागदावर तुह्यी सही पाह्यलती मी. लग्नाहून आली त्याच्या दहाव्या दिशी."

"मग... बोलली काहून नाई?" मी विचारलं.

"बोलली असती त तू म्हनली असती, फुटली. मंग ना तुह्या कामी, ना माह्या, आन् दुसरी शिशी भेटत नव्हती. चूप राह्यली तं तू कधी ना कधी करशीन, हे माहीत होतं मले. राग आलता. लय आलता. याडीले सांगतलं त थे म्हने, झोडप तिले." ती हसली, पण अर्धंच. "मंग तुह्या प्रबंधात पाह्यलं. लायनीचं लिहेल. रात गेली माही त्या वाक्यावर. तिनं केलं का नाई केलं? केलं, तं काय आलं? अडीच वर्षं झाली वंदना. जाऊन मी तठी करीनच. पन मले आता सांग."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी घुरघुरली. ती खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली, माझं मनगट धरलं त्या रुंद पंजानं.

"वाढला का वेग?"

मी पर्स उघडली. घडी घातलेलं पान अजून तिथंच होतं, कडा झिजलेल्या. मी ते तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "वाढला. मंदावलाच नाही."

मला वाटलं होतं, आता ती शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. तिनं पान उघडलं, चालू गाडीत, वाऱ्यात फडफडणारं, दोन्ही हातांनी ताणून धरलं. वरपासून खालपर्यंत वाचलं. आणि मंगला आडे हसायला लागली. तेच हसणं, दोन मजले ऐकू जाणारं. स्टँडवरची माणसं वळून पाहायला लागली. ती याडीला हलवत होती, कागदावर बोट ठेवून दाखवत होती, "पाय ना याडी, पाय ना, पळाला!" याडीला त्यातलं काय कळणार होतं, पण तीही हसत होती. गाडी वळली तोवर तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभी आहे हे ती विसरून गेली होती.

मी तिच्या पगाराचा, पोरांचा, नावाचा हेवा केला असं लोकांना वाटत असेल. पगार तर माझाच मोठा होता. माझं आजही पोट दुखतं ते त्या हसण्यापायी. त्या रविवारी तेच आकडे माझ्यासमोर धावले होते, तिच्याही आधी, जिल्ह्यात सगळ्यात पहिल्यांदा माझ्यासमोर. आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल, तर उठून दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहिलं.